जुनाच कॅन्सर परतला का?



आमच्या पाड्यावरील एक मावशी स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झाल्या होत्या. सहा वर्षांनी सीटी स्कॅनमध्ये यकृतात डाग दिसले. "जुनाच परतला," म्हणत घरचे उपचार सोडायला निघाले. पण त्याच स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याची भिंत एका जागी जाड दिसत होती. डॉक्टरांनी मला समजावले, आतड्याचे रक्त यकृतात जाते, म्हणून आतड्याचा कॅन्सर बहुधा आधी तिथेच पसरतो. नुसत्या स्कॅनवरून डाग कशाचे ते ठरत नाही. सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. आजार आतड्याचा निघाला, त्याप्रमाणे औषधे सुरू झाली.

शौचातून रक्त, वाढता अशक्तपणा लपवू नका. आजाराचे जुने कागद जपा. मावशींसाठी प्रार्थना करा.