पावसाने दिलेला इशारा

१९०८ साली पंजाबात पावसाने कहर केला आणि त्यामागोमाग हिवताप आला. अमृतसर शहर अंथरुणाला खिळले. आठवडेच्या आठवडे कामाला माणूस मिळेना. खाण्याचे जिन्नस विकणाऱ्यांनीही दुकाने उघडली नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत प्रांतात सुमारे तीन लाख माणसे दगावली. ॲनोफेलिस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला पाहिला, तो १८९७ मध्ये. म्हणजे डास दोषी आहे, हे माहीत होऊन अकरा वर्षे झाली होती. प्रश्न होता तो वेगळाच: हिवताप तर दरवर्षीचा, मग एखाद्याच वर्षी त्याचा असा वणवा का होतो?

हिवतापाचे अभ्यासक एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी मागच्या चाळीसेक वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या आणि त्या पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. १९११ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने दोन कारणांवर बोट ठेवले. पहिले अतिवृष्टी, दुसरे महागाई. ज्या साली धान्य कडाडले आणि पाठोपाठ पाऊसही उदंड झाला, त्या साली माणसे पटापट गेली. डास पावसाने वाढवले. पण उपाशी शरीराला ताप झेपला नाही.

याच पायावर आरोग्य अधिकारी सी. ए. गिल यांनी १९२१ पासून पंजाबसाठी हिवतापाच्या साथीचा आगाऊ अंदाज बांधायला सुरुवात केली. त्याची रीत फार साधी होती. जुलै-ऑगस्टचा पाऊस बघायचा, बाजारातले धान्याचे भाव बघायचे आणि मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, तपासायची. डाव्या बरगडीखाली बोटे दाबली की सुजलेली पाणथरी हाताला लागते. ती बऱ्याच मुलांमध्ये लागली, तर गावाने अलीकडेच ताप सोसलेला आहे आणि थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली आहे. जवळपास कुणातच लागली नाही आणि पाऊस मात्र मुसळधार, तर ते गाव धोक्यात. उपग्रह नव्हते, संगणक नव्हते, तरी साथ भडकण्याआधी कुठे कोयनेल हे हिवतापाचे औषध पोचवायचे याचा अदमास घेता येत होता.

पाऊस जास्त तर डास जास्त, असे सोपे गणित मात्र १९३४ साली सिलोनने, म्हणजे आजच्या श्रीलंकेने, मोडीत काढले. तिथे पावसाने दगा दिला. बेटाच्या नैऋत्येकडच्या एरवी भरून वाहणाऱ्या नद्या आटल्या, पात्रांत जागोजाग डबकी उरली. स्वच्छ, उन्हातले, साचलेले पाणी ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस या डासाला मानवते. नदी वाहती असती तर त्याच्या अळ्या वाहून गेल्या असत्या. त्या भागात हिवताप फारसा नसल्याने लोकांच्या अंगी प्रतिकारशक्तीही नव्हती. काही महिन्यांत सुमारे ऐंशी हजार माणसे गेली. गावोगाव औषधांबरोबर डाळही वाटत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांत डाव्या चळवळीतले एन. एम. परेरा होते. तापाइतकीच भूकही मारते, हे त्यांनी ओळखले होते.

तापमानाचा हिशेब यानंतर हळूहळू उलगडला. डासाने रुग्णाचे रक्त प्यायले, तरी तो लगेच रोग देऊ शकत नाही. परजीवी आधी त्याच्या शरीरात वाढावा लागतो. फाल्सिपेरम या घातक जातीला २० अंश सेल्सियसला सुमारे चार आठवडे लागतात, २५ अंशांना बाराएक दिवस पुरतात. डासाची मादी जगते साधारण दोन-तीन आठवडे. म्हणजे थंडीत परजीवी तयार होण्याआधीच बहुतेक डास मरून जातात. हवा थोडी तापली की तेच डास रोग पसरवण्याइतके जगतात. उष्मा फारच वाढला, हवा कोरडी पडली, की डासाचे आयुष्य पुन्हा घटते. म्हणून एखाद-दुसऱ्या अंशाची वाढ सर्वात जास्त जाचते ती आजवर थंड असलेल्या प्रदेशांना. इथिओपिया आणि कोलंबियातल्या डोंगराळ भागांच्या नोंदी तपासल्यावर २०१४ साली हेच दिसले: उष्ण वर्षांत हिवताप डोंगर चढून वर जातो.

आपल्या देशाने मधल्या काळात वेगळाच धडा घेतला. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटी फवारले गेले आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग हात सैल पडला. फवारणी विस्कळीत झाली, डास कीटकनाशकाला दाद देईनासे झाले आणि १९७६ साली चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. या अकरा वर्षांत हवामान काही उलटेपालटे झाले नव्हते. ढिले पडलो ते आपण.

मुंबईची गोष्ट आणखी निराळी. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिले की, इथला हिवताप दलदलीतून येत नाही, घराच्या आवारातल्या विहिरींतून येतो. ॲनोफेलिस स्टिफेन्सी हा शहरी डास विहिरी, हौद आणि टाक्यांत वाढतो. आज त्याला गच्चीवरची उघडी टाकी आणि बांधकामावरचे साचलेले पाणी मिळते. पाणीटंचाईत लोक पिंपे भरून ठेवतात आणि त्यातही त्याची सोय होते. त्याला पावसाळा लागतोच असे नाही, आपला निष्काळजीपणा पुरतो.

२०२२ च्या महापुरानंतर पाकिस्तानात हिवतापाचे रुग्ण एका वर्षात पाच लाखांवरून सव्वीस लाखांवर गेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अशी अतिवृष्टी पुढे वारंवार होणार, हे हवामानशास्त्र सांगते आहे. उलट श्रीलंकेकडे पाहा. तोच मोसमी पाऊस, त्याच नद्या, तोच डास. तरी २०१६ मध्ये तो देश हिवतापमुक्त ठरला. प्रत्येक तापाच्या रुग्णाचे रक्त तपासायचे आणि एक जरी रुग्ण सापडला तर त्याच्या घरापर्यंत पोचायचे, ही शिस्त त्यांनी रुग्ण जवळजवळ संपल्यावरही सोडली नाही.

हवामान साथीची शक्यता निर्माण करते. तिचा मृत्यूच्या आकड्यात शेवट व्हायचा की नाही, हे माणसांच्या हातात असते. भारताने २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचे ठरवले आहे. गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ते बंद होतात आणि नेमका तेव्हाच ताप चढतो. तिथे मच्छरदाण्या, रक्त तपासणीची पाकिटे आणि गोळ्या पोचवायच्या त्या नाले भरण्याआधीच. पावसाचा अंदाज आता आपल्याला आठवडे आधी मिळतो. तो वेधशाळेतून थेट आशाताईंच्या पिशवीपर्यंत पोचला पाहिजे, आणि त्याबरोबर पाड्यावरच्या घरात पुरेसे धान्य आहे का, हेही कुणीतरी विचारले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी पंजाबात एवढे जमत होते. आज जमत नसेल, तर दोष पावसाला देता येणार नाही.