आत्मत्याग आणि शिष्यत्वाची किंमत : टिळक दांपत्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात शिष्यत्वाची संकल्पना मध्यवर्ती मानली जाते. आपल्यामागे येऊ इच्छिणाऱ्यांपुढे येशूने ज्या अटी ठेवल्या त्या मार्क, मत्तय व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आढळतात (मार्क ८:३४, मत्तय १६:२४, लूक ९:२३). अटी तीन आहेत : आत्मत्याग, वधस्तंभ उचलणे आणि मागे चालणे. यांपैकी पहिली अट मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची वाटते. संतवाङ्मय, गीतेवरील भाष्ये आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास यांतून 'त्याग' हा शब्द मराठी मनात खोलवर रुजलेला आहे. मात्र या ओळखीमुळेच मूळ अटीचा अर्थ निसटण्याचा संभव असतो. त्याग म्हटला की घर, धन, अन्न, सुख अशा वस्तू सोडणे डोळ्यांपुढे येते. शुभवर्तमानातील अट वस्तूंविषयी नाही. दुसरी अडचण किमतीची आहे. शिष्यत्वाची किंमत मोजावी लागते हे ख्रिस्ती उपदेशात वारंवार सांगितले जाते, परंतु ती प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडते हे क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनाच्या आधारे केला आहे.

'आत्मत्याग' या शब्दाआड

मार्कच्या ग्रीक पाठात या ठिकाणी 'अपार्नेओमाइ' हे क्रियापद आहे. त्याचा सरळ अर्थ ओळख नाकारणे, संबंध नाही असे सांगणे. हेच क्रियापद त्याच शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात पुन्हा येते. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र आपल्याला तीनदा नाकारील असे येशू सांगतो, तेथे; आणि पेत्राला ते शब्द आठवून रडू येते, तेथेही. मराठी पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरात पहिल्या ठिकाणी 'आत्मत्याग' व दुसऱ्या ठिकाणी 'नाकारणे' असे शब्द योजल्यामुळे या दोन प्रसंगांमधला धागा मराठी वाचकाला दिसत नाही. भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. 'स्वतःला नाकारणे' ही रचना मराठीत अवघडच वाटते. परंतु धागा महत्त्वाचा आहे. अंगणात शेकोटीपाशी बसलेला पेत्र त्या माणसाशी आपली ओळखच नाही असे शपथेवर सांगतो. शिष्याने हेच आपल्या 'मी'विषयी म्हणावे, अशी ती अट आहे. दोनपैकी एकाची ओळख नाकारावीच लागते. पेत्राने त्या रात्री स्वतःला वाचवले आणि गुरूला नाकारले.

हा अर्थ मान्य केला की देहदंड आणि आत्मत्याग यांतील भेद स्पष्ट होतो. उपवास, ब्रह्मचर्य, दारिद्र्य यांचे ख्रिस्ती परंपरेत निश्चित स्थान आहे; तथापि कठोर व्रताने 'मी' क्षीण होण्याऐवजी बळावूही शकतो. व्रत जितके कडक तितका व्रतस्थाचा अभिमान मोठा, हा अनुभव कोणत्याही एका धर्माचा नाही. पौलाला याची जाणीव होती. सर्व मालमत्ता वाटून टाकली आणि देहही अर्पण केला, पण प्रीती नसली तर लाभ काहीच नाही, असे तो करिंथकरांस लिहितो (१ करिंथ १३:३).

वधस्तंभाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. आज तो गळ्यातला अलंकार आहे. पहिल्या शतकात तो रोमी सत्तेच्या शिक्षेचे साधन होता, आणि तो प्रामुख्याने गुलाम व बंडखोर यांच्यासाठी राखलेला होता. तो खांद्यावर घेऊन चालणारा मनुष्य परत येत नसे. लूक मात्र या वाक्यात 'दररोज' या अर्थाचा एक शब्द घालतो आणि एकदाच मरण्याची अट रोजच्या जगण्याची करतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा छोटा शब्द फार मोलाचा आहे.

हिशेब करण्याची आज्ञा

लूकच्या चौदाव्या अध्यायात मोठा लोकसमुदाय मागे येत असताना येशू वळून दोन दृष्टांत सांगतो. मनोरा बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. वीस हजारांच्या सैन्याशी दहा हजारांनिशी लढता येईल की नाही याचा राजा विचार करतो. अनुयायी वाढत असताना त्यांना हिशेब करायला लावणारा गुरू विरळाच. पण याच उताऱ्याच्या आरंभी आईबाप, बायको, मुले, भाऊबहिणी आणि स्वतःचा जीव यांचा द्वेष करण्याची भाषा आहे, आणि तिने पुष्कळांना बिचकवले आहे. सेमिटिक भाषांच्या वळणानुसार येथे 'द्वेष' म्हणजे तुलनेने कमी प्रीती होय, असे भाष्यकार सांगतात. मत्तयाने (१०:३७) तोच आशय 'माझ्यापेक्षा अधिक' अशा रीतीने मांडला आहे. हे स्पष्टीकरण योग्य आहे. तरीही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण ज्यांना मागे सोडले जाते त्यांच्या वाट्याला तुलनेने कमी प्रीती येत नाही, प्रत्यक्ष अभाव येतो.

यावर उत्तर शुभवर्तमानातच, पण दुसऱ्या ठिकाणी आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'चा वाद येतो. आपली मालमत्ता देवाला वाहिलेली आहे असे जाहीर करून आईबापांच्या पोषणाची जबाबदारी टाळणाऱ्यांना येशू तीव्र शब्दांत दोष देतो. देवाच्या नावाने केलेले दान दुसऱ्याच्या हक्कातून केलेले असेल तर ते दान नव्हे. लूक १४ आणि मार्क ७ हे दोन उतारे एकत्र वाचणे आवश्यक आहे. प्रवचनांत मात्र पहिलाच अधिक ऐकू येतो.

ख्रिस्ती मठपरंपरेच्या उगमाशीच ही गुंतागुंत दिसते. इजिप्तमधील अंतोनी हा मठवासी जीवनाचा आद्य पुरुष मानला जातो. अथनासियसाने लिहिलेल्या त्याच्या चरित्रानुसार, आईवडिलांच्या मृत्यूनंतर धनवान तरुणाविषयीचे शुभवर्तमानातील वचन ऐकून त्याने जमीन दिली, मालमत्ता विकली व धाकट्या बहिणीसाठी थोडे राखून ठेवले. पुढे उद्याची चिंता न करण्याविषयीचे वचन ऐकल्यावर त्याने तेही वाटून टाकले आणि बहिणीला विश्वासू कुमारिकांच्या स्वाधीन केले. चरित्रात बहिणीचे नाव नाही, तिला काय वाटले याचाही उल्लेख नाही. सोळाशेहून अधिक वर्षे हा प्रसंग अंतोनीच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितला जात आहे.

विसाव्या शतकात या विषयावरील सर्वांत प्रभावी ग्रंथ जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांचा. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. आज्ञापालनावाचून, वधस्तंभावाचून मिळणाऱ्या क्षमेला त्यांनी 'स्वस्त कृपा' म्हटले. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी असताना ते जर्मनीला परतले, १९४३ मध्ये त्यांना अटक झाली व ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आले. तुरुंगातून २१ जुलै १९४४ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या या ग्रंथातील धोके आता दिसतात, मात्र ग्रंथावर आपण अजूनही ठाम आहोत, असे कळवले. पवित्र जीवन जगण्याचा प्रयत्न करून श्रद्धा प्राप्त होईल असे पूर्वी वाटत होते, हा तो धोका. स्वतःला काहीतरी बनवण्याचा, अगदी संत बनवण्याचाही, ध्यास सोडावा असे त्यांना वाटू लागले होते. 'मी' नाकारण्याचा हा अर्थ पेत्राच्या नकाराशी अधिक जुळतो.

टिळक दांपत्य : किंमत कोणी मोजली?

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना टिळकांचे उदाहरण टाळता येत नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सनातनी ब्राह्मण कुटुंबात धर्मांतर म्हणजे सामाजिक मृत्यूच होता. आज विवाहविच्छेदासाठी वापरला जाणारा 'घटस्फोट' हा शब्द मुळात पतिताच्या नावाने पाण्याचा घडा फोडून त्याला नातेसंबंधांतून बाहेर काढण्याच्या विधीचा आहे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला गेला होता. पंक्ती, पाणी आणि नाते कायद्याने राखता येत नव्हते.

ही किंमत टिळकांनी मोजली, यात वाद नाही. मात्र त्यांच्या स्वभावाकडे पाहिल्यास एक प्रश्न उपस्थित होतो. 'स्मृतिचित्रे'तून दिसणारे टिळक धर्मांतरापूर्वीही जवळचे असेल ते कोणालाही देऊन टाकणारे, न सांगता घराबाहेर पडणारे, एका ठिकाणी न टिकणारे आहेत. देणे व सोडणे त्यांना जड नव्हते. जे सहज सोडता येते ते सोडण्याला आत्मत्याग म्हणावे काय? टिळकांच्या शिष्यत्वाची खरी कसोटी बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हे, त्यानंतरच्या वर्षांत लागली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. लक्ष्मीबाई मुलगा दत्तू याच्यासह नातलगांच्या आश्रयाने राहत होत्या. १८६६ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला, जोडीदार धर्मांतराच्या कारणास्तव सहवास नाकारत असल्यास, न्यायालयाद्वारे विवाहबंधनातून मुक्त होता येत होते. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते वाट पाहत राहिले. उतावीळ मनुष्याला वाट पाहणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको. लूकचा 'दररोज' येथे दिसतो.

लक्ष्मीबाईंची (१८६८–१९३६) स्थिती याहून अवघड होती. त्यांनी काहीही निवडले नव्हते. पती जिवंत असूनही संसार उरला नव्हता, आणि ज्या श्रद्धेसाठी हे सारे घडले ती त्यांची नव्हती. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त तक्रारीचा सूर जवळजवळ नाही. विनोद मात्र जागोजागी आहे. त्यामुळे वाचक हसत पुढे जातो आणि प्रसंगाचे ओझे त्याच्या ध्यानात येत नाही. चरित्रलेखनाच्या नेहमीच्या परिपाठात पत्नीचे हे दुःख पतीच्या त्यागाचाच एक भाग म्हणून जमेस धरले जाते. ते तसे धरणे चुकीचे आहे. दुसऱ्याच्या दुःखाने आपला त्याग मोठा होत नाही. मार्क ७ चा निर्वाळा येथेही लागू पडतो.

पुढे दोघे एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे, पाणी व स्वयंपाक वेगळाच ठेवला. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या होत्या; सोवळे ही त्यांच्यासाठी केवळ रूढी नव्हती, तीच त्यांची ओळख होती. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि मग कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. पतीच्या आग्रहाने त्या बदलल्या असे पुस्तकावरून म्हणता येत नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण कोण आहोत हे ज्या गोष्टीने ठरत होते तिची ओळख नाकारणे, या अर्थाने त्यांचा आत्मत्याग शुभवर्तमानातील क्रियापदाच्या सर्वांत जवळचा आहे. तो बाप्तिस्म्याआधी, एका ब्राह्मण स्त्रीच्या स्वयंपाकघरात घडला, ही बाब धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

टिळकांनी १९१७ साली आणखी एक पाऊल उचलले. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून ते बाहेर पडले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तशिष्यांनी त्यात एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभलेल्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुमारे दहा अध्यायच लिहून झाले होते. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील साठहून अधिक अध्याय रचले.

न लिहिलेल्या आठवणी

टिळक दांपत्याची कथा उपलब्ध आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ती लिहिली. ज्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात टिळकांनी काम केले, तेथील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. त्यांच्या शिष्यत्वाची किंमत निराळी होती आणि तिच्या नोंदी बहुतांशी मिशनऱ्यांच्या अहवालांत, दुसऱ्याच्या लेखणीतून आलेल्या आहेत. सोवळे सोडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. ते त्यांना कधी मिळालेच नव्हते. ज्याला समाजाने 'मी' म्हणू दिले नाही त्याला आत्मत्यागाचा उपदेश कसा करावा, हा प्रश्न दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राने उभा केला आहे आणि टिळकांच्या उदाहरणातून त्याचे उत्तर मिळत नाही.

या समाजांपुढे स्वातंत्र्यानंतर आणखी एक किंमत आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आजोबांनी घेतलेल्या बाप्तिस्म्याचा खर्च नातवाच्या महाविद्यालयीन प्रवेशअर्जातील एका रकान्यात निघतो, आणि त्या नातवाला मनोरा बांधण्यापूर्वी कोणी हिशेब विचारलेला नसतो.