बाहुलीची मर्जी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिका रुग्णाच्या डोळ्यात पुन्हा पुन्हा जे थेंब घालते, ते बाहुली विस्फारण्यासाठी असतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. परंतु २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून उपकरण आत घालून गढुळलेले भिंग फोडून शोषून घेणाऱ्या शल्यविशारदास बाहुली हाच एकमेव दरवाजा असल्याने, तो अखेरपर्यंत सताड उघडा राहण्यावरच पुढील सारी मदार असते.

हा दरवाजा मध्येच मिटू लागला, तर भिंगामागील तलम पटल फाटण्याचा, किंवा बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा दुखावून सूज रेंगाळण्याचा संभव वाढतो, आणि जी दृष्टी थोड्या दिवसांत निवळावयाची, तिला अनेक आठवडे लागू शकतात.

२००५ साली अमेरिकेतील डेव्हिड चँग व जॉन कॅम्पबेल या नेत्रतज्ज्ञांनी यामागचे एक अनपेक्षित कारण उजेडात आणले: प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले वृद्ध गृहस्थ लघवी सुलभ व्हावी म्हणून घेतात ते टॅमसुलोसिन, तिकडचे स्नायू सैल करता करता बाहुली उघडणारा स्नायूही सैल करते, आणि मग तो पडदा शिडासारखा हेलकावे खात छेदाकडे धाव घेतो.

गोळी थांबवूनही हा धोका हमखास टळत नाही; म्हणून ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस तिची आगाऊ वर्दी द्यावी, म्हणजे बाहुली ताणून धरणाऱ्या सूक्ष्म आकड्यांचा वा कड्याचा बंदोबस्त त्यांना वेळीच करता येतो.