आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे

विकास आराखड्यातील हिरवा चौकोन आणि मुलांनी गजबजलेली बाग यांत फार मोठे अंतर असते. केवळ शासकीय आदेशाने ते मिटत नाही. वस्तीतील माणसे संघटित झाली तरच मिटते. मालेगावसारख्या यंत्रमागांच्या शहरात हा विचार अधिकच निकडीचा ठरतो.

मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या घरात होती. दाट मोहल्ल्यांतून घर आणि कारखाना भिंतीला भिंत लावून उभे आहेत. मागांचा खडखडाट अखंड चालू असतो. अशा ठिकाणी पाळी संपलेल्या कामगाराला, घरी कांड्या भरणाऱ्या स्त्रीला आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलाला मोकळा श्वास घेण्यासाठी घराजवळच जागा हवी.

पाणी आणि गटारांचे प्रश्न असताना उद्यान ही चैन होय, असा आक्षेप घेतला जातो. धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे त्याचे उत्तर आहे. सुमारे ३७ एकरांच्या त्या जागेवर पूर्वी मुंबईचा कचरा टाकला जाई. निसर्गप्रेमी संस्थांच्या आग्रहातून तेथे झाडे उभी राहिली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. त्याच मुंबईत ओव्हल मैदानाची दुर्दशा पाहून रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली व पुढे विश्वस्त संस्थेमार्फत मैदानाची निगाही स्वीकारली. न्यूयॉर्कमध्ये तर १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचऱ्याने भरलेला पडीक भूखंड साफ करून बाग फुलविली. नगरशासनाने पुढल्या वर्षी ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली.

आपल्याकडे कायद्याचा आधार आहे, तशी मेखही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. उद्याने आणि क्रीडांगणे हे विषय तीत नगरसंस्थांकडे सोपविलेले आहेत. परंतु १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, आरक्षित जागा दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण रद्द होते. नागरिक गाफील राहिले तर बाग कागदावरूनही नाहीशी होते.

म्हणून प्रत्येक प्रभागातील रहिवाशांनी आपल्या आरक्षित जागांची यादी महापालिकेकडून मागून घ्यावी, मुदतींवर लक्ष ठेवावे आणि अंदाजपत्रकात तरतुदीचा आग्रह धरावा. बाग झाल्यावर तिची राखणही आपलीच मानावी. दंगली आणि स्फोटांच्या बातम्यांमुळे ज्या शहराचे नाव दूरवर गेले, तेथे नदीच्या दोन्ही तीरांवरील मुले एकत्र खेळतील अशी जागा ही शोभेची वस्तू नाही. ती नागरी जीवनाची गरज आहे.