लहान मुलाची शौचाची सवय आणि डायपरची चड्डी

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा सारे घर आनंदते, पहिला शब्द उच्चारते तेव्हा शेजाऱ्यांसही बोलावून तो ऐकविला जातो. याच वयात मूल तिसरीही एक विद्या शिकत असते. मलमूत्राचा वेग ओळखणे, तो क्षणभर आवरणे व योग्य जागी जाऊन मोकळा करणे ही ती विद्या होय. हिचे कौतुक क्वचितच होते. उलट, पुष्कळ मुलांच्या पाठीत पहिला धपाटा बसतो तो हिच्याच पायी. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांत तर त्याचे विशेष कारण आहे. येथील लहान गावांतील वाण्याच्या दुकानांतही आता डायपरच्या चड्ड्या सुट्या मिळतात, आणि पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त गेलेली मंडळी सणासुदीला गावी येतात ती या चड्ड्यांचे पुडे घेऊनच.

प्रथम जुनी रीत पाहू. जुन्या धोतराचे वा लुगड्याचे मऊ तुकडे फाडून लंगोट करावयाचे, आणि सकाळी उठल्यावर व दूध पाजल्यावर मुलास दोन्ही पायांच्या मध्ये, पावलांवर बसवून तोंडाने ‘शूऽ शूऽ’ असा आवाज करावयाचा, ही ती रीत. आजीबाईंच्या या युक्तीत शास्त्र आहे. पोटात अन्न गेले म्हणजे मोठ्या आतड्यास चालना मिळते. म्हणून जेवणानंतरची वेळ शौचास अनुकूल असते. आवाज व क्रिया यांची सांगड पुनःपुन्हा घातली गेली म्हणजे पुढे केवळ आवाजानेच मुलास क्रियेची आठवण होते. शिवाय लंगोट ओला झाला की मुलास तत्काळ गार व अस्वस्थ वाटते. आपल्या शरीरातून काही गेले आणि त्यामुळे ओले झाले, हा कार्यकारणसंबंध त्यास तेथे कळतो.

या रीतीचा सारा भार मात्र बाईवर पडे. हिरडस मावळ, गुंजण मावळ किंवा वेळवंड खोरे येथे आषाढ-श्रावणात पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही. चुलीच्या उबेला घातलेले लंगोटही दमटच राहतात. भातलावणीस दिवसभर चिखलात उभी राहून आलेल्या बाईने रात्री पुन्हा लंगोट धूत बसावे, असे म्हणणे सोपे आहे. करणे कठीण आहे. तेव्हा डायपरकडे वळणाऱ्या आईस आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

आता ही नवी वस्तू कशी आहे ते पाहावे. एकदा वापरून टाकून द्यावयाचे डायपर अमेरिकेत १९६१ पासून मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले. मुलास स्वतः वर ओढता व खाली सरकविता येईल अशी चड्डी, शौचाची सवय लावण्याच्या काळासाठी म्हणून, तेथेच १९८९ मध्ये बाजारात आली. तिचे अंतरंग साधारणपणे तीन थरांचे असते. अंगास लागणारा थर कृत्रिम तंतूंचा असून तो ओल आत जाऊ देतो. मधल्या थरात लाकडाचा लगदा व सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची बारीक पूड असते. ही पूड आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून फुगते व खिरीसारखी घट्ट होते. बाहेरचा थर प्लॅस्टिकचा असून तो ओल बाहेर येऊ देत नाही.

या रचनेतच तिचा गुण व दोष दोन्ही आहेत. अंथरूण कोरडे राहते, परंतु मूलही कोरडे राहते. आणि जे मूल ओले होतच नाही, त्याला आपण लघवी केली हे कळावे कसे? परदेशात डायपर एका आकाराचा व सवयीची चड्डी दुसऱ्या आकाराची, असा भेद तरी पुष्कळ काळ राहिला. आपल्याकडे काही महिन्यांच्या बाळासही चड्डीच्याच आकाराचा डायपर घालतात. त्यामुळे ‘आता तू मोठा झालास’ हे सांगण्याचे सामर्थ्यही त्या आकारात उरलेले नाही. सारांश, ही चड्डी प्रवासाची व रात्रीची सोय आहे. सवय लावण्याचे काम तिच्याकडून होत नाही.

मग सवय लावावी केव्हा? साधारणपणे दीड ते तीन वर्षे या काळात मुलाची तयारी होते. मूल दीड-दोन तास कोरडे राहते, स्वतः चालत जाऊन उकिडवे बसते, चड्डी खाली ओढू पाहते, साधी आज्ञा समजते आणि वेग आला की कोपऱ्यात जाते किंवा तोंड वाकडे करते, ही लक्षणे दिसू लागली म्हणजे आरंभ करावा. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात सुमारे ९० मिलिलिटर, म्हणजे लहानशा पेल्याइतकेच मूत्र मावते, हे ध्यानात ठेवले तर त्याच्या वरचेवर जाण्याचा राग येणार नाही.

या भागात ऋतूचाही विचार हवा. सुगी आटोपल्यानंतर व पाऊस सुरू होण्यापूर्वी, फाल्गुन ते वैशाख, हा काळ उत्तम. हवा उबदार असते, कपडे लवकर वाळतात व घरचे माणूस मुलाजवळ असते. लावणीच्या दिवसांत आरंभ करू नये. या काळात दिवसा डायपर काढून मुलास साधी सुती चड्डी घालावी. जुन्या धोतराचे दोन-तीन पदर आत शिवले तर थोडी ओल त्यात जिरते, पण मुलास ओल जाणवल्यावाचून राहत नाही. उठल्यावर, जेवणानंतर व झोपण्यापूर्वी त्यास बसवावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ अडवून ठेवू नये. मोठ्यांच्या शौचकूपाचे भोक पाहून मुले भितात, म्हणून लहान भांडे जमिनीवर ठेवावे. आई एक शब्द वापरते, आजी दुसरा, असे होऊ नये. घरात व अंगणवाडीत एकच शब्द असावा. एस. टी. ने पुण्यास जावयाचे असेल, तर त्यापुरती डायपरची चड्डी अवश्य घालावी. परंतु उतरल्यावर ती काढावी.

चूक झाली असता मारू नये व चारचौघांत हसू नये. भ्यालेले मूल शौच दाबून धरते. त्याने मळ कठीण होतो, शौचास दुखते, आणि दुखते म्हणून मूल पुन्हा दाबते. या फेऱ्यातून त्यास बाहेर काढण्यास पुढे महिने लागतात. रात्रीचे कोरडेपण दिवसाच्या मागून येते. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा रोग मानीत नाहीत. मात्र दिवसा नीट राहू लागलेले मूल एकाएकी पुन्हा ओले करू लागले, किंवा लघवी करताना रडू लागले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आता शेवटचा, परंतु घराच्या उंबऱ्यापलीकडचा प्रश्न. लंगोट धुतला की पुन्हा उपयोगी पडे. ही चड्डी टाकल्यावर जाते कोठे? ओढ्यात टाकली तर पावसात ती नदीस मिळते. राजगड तालुक्यातील पानशेत व वरसगाव या धरणांचे पाणी पुणे शहर पिते. भोरजवळचे भाटघर धरण नीरेच्या कालव्यांस पाणी पुरविते. शौचकूपात टाकली तर ती फुगून वाट बंद करते. चुलीत वा अंगणात जाळली तर प्लॅस्टिकचा विषारी धूर त्याच मुलाच्या नाकात जातो. शेतात पुरली तर प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तसेच राहते व कुत्री ते उकरतात. म्हणून आतील मळ प्रथम शौचकूपात टाकावा. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते ही समजूत चुकीची आहे. तिच्यातूनही हगवणीचे जंतू पसरतात. नंतर चड्डी गुंडाळून कागदात बांधावी, इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या गाडीत द्यावी, आणि हात साबणाने धुवावे. पुण्यातील कचरावेचक भगिनींनी अशा पुडक्यावर तांबडा ठिपका काढण्याची विनंती नागरिकांस केली, ती यासाठीच की न उघडता आत काय आहे ते त्यांस कळावे. जेथे गाडी पोहोचत नाही, तेथील ग्रामसभेने हा विषय एकदा तरी चर्चेस घ्यावा. आणि तोवर प्रत्येक घराने या चड्डीचा वापर प्रवास, आजार व पावसाळ्यातील रात्री एवढ्यापुरता ठेवावा.

शौचाची सवय लवकर लागली यात मोठी प्रतिष्ठा नाही, आणि सहा महिने उशीर झाला यात नामुष्कीही नाही. मुलास आपल्या शरीराची खूण स्वतः ओळखता यावी, व ती सांगताना त्यास भीती वाटू नये, एवढे साधले म्हणजे आईबापांचे काम झाले. त्यास लागणारा वेळ व धीर घरातील माणसांनीच द्यावयाचा असतो.