गाडीच्या पोटात : भाग ११
काटा दोन हजारावर का बसतो?

"सर, सकाळी सकाळी गाडी दोन हजारावर बोंबलायली. शेजारचे उठून बसायलेत."

मे महिन्यात नांदेडहून हा फोन आला. गाडी जुनी, जपानी इंजिनाची. वर रुंद कॅमशाफ्ट, उघडा कोन फिल्टर, हेडर, आणि जाड पाईपचा सायलेन्सर. मॉडेलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नांदेडात मालक पाच मिनिटांत ओळखला जाईल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. गाडीत मनासारखे फेरफार करायला ते मोकळीक देत नाही.

पोरगं दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातुरात आलं. माझ्या दारात गाडी उभी केली, तर काटा नऊशेवर शांत. पोरगं ओशाळलं. मी म्हटलं, आज मुक्काम कर. गार इंजिनाचा आजार गरम इंजिनात शोधायला गेलं की मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलत बसतो, आणि बिल मात्र अंदाजाने येत नाही.

गार असताना इंजिन थोडं जास्त फिरतं, ते रीतसरच आहे. तेल दाट असतं, आतल्या भिंती गार असल्यामुळे पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून सुरुवातीला पेट्रोलही जास्त आणि हवाही जास्त. पद्मिनीत किंवा कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये आपण चोक ओढायचो, तेच काम आता इंजिन आपलं आपण करतं. बाराशे-पंधराशेवर चालू होऊन काही मिनिटांत साडेसातशे-साडेआठशेला उतरलं, तर गाडीला हात लावू नका. नव्या गाड्या तर मुद्दाम रेस वाढवून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवतात. हेडर टाकताना तो कन्व्हर्टर काढून फेकला असेल, तर ती सगळी खटपट फुकट जाते, तो भाग निराळा.

मग दोन हजार का? आयडलिंगला पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, त्यामुळे थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते. इंजिनाला हवा मिळते ती आडवाटांनी. चकतीच्या कडेची फट, आयडलिंगचा स्क्रू, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, आणि काही जुन्या जपानी इंजिनांत मेणाचा व्हॉल्व्ह. पाचवी वाट चोरीची: फाटलेला पाईप किंवा गळकं गॅस्केट. काटा वर बसला, तर यांपैकी एक तरी वाट गरजेपेक्षा जास्त उघडी आहे. ती कोणती, एवढंच शोधायचं.

सकाळी साडेपाचला बॉनेट उघडलं. भिंतीवरचं थर्मामीटर तीस अंश दाखवत होतं. मराठवाड्यात राहण्याचा हा एक फायदा. मे महिन्यात आपलं 'गार' इंजिन तीस अंशाचं असतं. एवढ्या उबेतही गाडी हिमालयात असल्यासारखी वागत असेल, तर तिला तपमान कोणी खोटं सांगतंय का, हे पहिल्यांदा बघावं. नव्या गाडीत स्कॅनर लावायचा आणि चावी फिरवण्याआधी पाण्याचं आणि हवेचं तपमान वाचायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे भिंतीवरच्या आकड्याशी जुळलेच पाहिजेत. पाण्याच्या सेन्सरची वायर तुटली असेल, तर तिथे बहुधा उणे चाळीस दिसतं आणि इंजिन तशी तयारी करतं. ही गाडी स्कॅनरच्या जमान्याआधीची, म्हणून मल्टिमीटर लावला. असल्या सेन्सरचा विरोध वीस अंशाला दोन ते तीन हजार ओहम असतो, ऐंशीला तीनशेच्या आसपास. इथे पावणेदोन हजार भरला. सेन्सर खरं बोलत होता.

चावी फिरवली. एकवीसशे! समोरच्या घराची खिडकी उघडली.

आता चोरवाट. कोन फिल्टरवाल्या गाडीत मला आधी क्लिपांचा संशय येतो. फिल्टर बसवणारा मूळचा पाईप कापतो, आतल्या वायूंची नळी कुठेतरी अडकवून देतो, आणि क्लिप पक्कडीने कशीबशी आवळतो. काही गळत्या गारपणी उघड्या असतात आणि तापून रबर फुगलं की मिटतात. त्या दुपारी सापडत नाहीत. पेटती अगरबत्ती प्रत्येक जोडाजवळ हळू फिरवली. धूर आत ओढला गेला, तर तिथे वाट आहे. बरेच जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या हेडरशेजारी तो मारणं म्हणजे आगीला बोलावणं आहे, आणि अगरबत्ती हातात असताना तर डबा जवळही ठेवू नये. धूर कुठेच वळला नाही.

मग इंजिन बंद करून थ्रॉटल बॉडीच्या तोंडावरचा पाईप काढला आणि पुन्हा चालू केलं. आतमध्ये छोटी भोकं दिसतात. एकेकावर अंगठा दाबत गेलो. मेणाच्या व्हॉल्व्हचं भोक दाबलं, तशी अंगठ्याची कातडी आत ओढली गेली आणि काटा धाडकन खाली आला. वाट सापडली.

या व्हॉल्व्हची रचना मला फार आवडते. एका डबीत मेण, भोवती इंजिनाचं पाणी. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडा पुढे ढकलतं, आणि हवेचं भोक मिटतं. वायर नाही, कॉम्प्युटर नाही. पण पाणीच आलं नाही, तर मेणाला कळणार कसं?

खाली हात घातला. थ्रॉटल बॉडीकडे येणाऱ्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. "हवा गार जाते सर, ताकद वाढते, असं सांगितलं होतं," पोरगं म्हणालं. हवा त्या तोंडातून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, तिला तापायला वेळ कुठला! फरक पडला तो मेणाला. बॉनेटखालच्या नुसत्या धगीवर ते अर्ध्या तासाने वितळायचं. म्हणूनच लातूरला पोचेपर्यंत गाडी शहाणी झाली होती. त्यात भर म्हणजे, रुंद कॅममुळे गरम गाडी आयडलिंगला मरायची, म्हणून कोणीतरी आयडलिंगचा स्क्रूही ढिला करून ठेवलेला. मेणाची हवा आणि स्क्रूची हवा मिळून एकवीसशे. गाडी तापल्यावर विजेचा व्हॉल्व्ह स्वतःला मिटून घेत ही जास्तीची हवा झाकत होता.

नळ्या जागेवर लावायला गेलो, तर डबीचं नळकांडं पांढऱ्या थराने अर्धं बुजलेलं. पातेल्याच्या बुडाशी बसतो तोच थर. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आपल्याकडे जुनी आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात रेडिएटरच्या वाट्याला काय आलं असेल, ते विचारू नये. पण आता तयार कूलंट गावोगावी मिळतं, आणि अशा मुलांच्या सायलेन्सरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

थर काढला, नळ्या लावल्या, कूलंट भरलं, नाक वर करून गाडी चालू ठेवली आणि बुडबुडे संपेपर्यंत थांबलो. पाण्यात हवा अडकली की मेणाभोवती पाणी पोचत नाही आणि मग आयडलिंग वर-खाली झुलतं. स्क्रू गरम इंजिनावर बसवला. कॅम रुंद असल्यामुळे साडेआठशेचा हट्ट धरला नाही, साडेनऊशेवर सोडलं. थ्रॉटलच्या चकतीचा अडथळ्याचा स्क्रू मात्र हातही न लावता तसाच ठेवला. तो कारखान्यात बसवलेला असतो, आणि फिरवला की काही गाड्यांत चकती मिटली आहे हेच कॉम्प्युटरला उमगत नाही.

पोराला आणखी एक रात्र ठेवून घेतलं. सकाळी चौदाशे, आणि पाचव्या मिनिटाला साडेनऊशे. समोरची खिडकी बंदच राहिली. पोरगं मोबाईल धरून व्हिडिओ काढत होतं. मध्येच त्याने तो खिशात घातला.

"सर, पण आता आवाज पहिल्यासारखा येईना की."