काचेचा जिना

आमच्या नव्या घरातला जिना पाहून पाहुणे "वा!" म्हणत. दोन्ही बाजूंना नुसती स्वच्छ काच! आई मात्र पहिल्याच पायरीशी थबकली. "अरे, पण धरू कशाला?" महिनाभर देव वर आणि ती खाली!

शेवटी मिस्त्रींना बोलावले. काचेला चार भोके पाडली की दांडी बसेल, असा माझा हिशेब. ते हसले. "साहेब, ही टफन ग्लास. गिरमिट लावाल तर सगळीचा चुरा होईल." ६०० अंशांहून अधिक तापवून झटक्यात गार केलेली ही काच; तिला भोके पाडायची ती भट्टीत जाण्यापूर्वीच!

मग त्यांनी सागाच्या दांडीला खालून लांब खाच पाडली, आत रबराची पट्टी घातली आणि दांडी काचेच्या कडेवर टोपीसारखी चढवली. वरचे टोक भिंतीत पक्के केले. खाच किंचित सैलच ठेवली. पावसाळ्यात लाकूड फुगते, काच नव्हे. जाडी मात्र आईच्या मुठीवरून ठरली. ४० मिलिमीटर.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई एकटीच वर गेली. अभ्यंगाच्या तेलाचा हात दांडीभर उमटला. सौ. फडके घेऊन धावली. मी म्हटले, "राहू दे. सागाला तेल मानवते."